नकाराखाली सही कोणाची?

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात वस्तीतला एक तरुण आला. वाणिज्य शाखेचा पदवीधर, मराठी माध्यमात शिकलेला, समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात राहून पदवी घेतलेला. बापाच्या आजारपणात दोन वर्षे शिक्षण आणि नोकरी दोन्ही थांबलेले. एका मोठ्या खाजगी कंपनीच्या लेखा विभागात जागा निघाल्या म्हणून त्याने रात्री साडेअकरा वाजता मोबाईलवरून अर्ज भरला. अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांनी नकार आला. "आपली पात्रता या पदाशी जुळत नाही," एवढेच वाक्य. खाली नाव नाही, हुद्दा नाही, सही नाही. त्याने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, रात्री पावणेबारा वाजता माझा बायोडाटा वाचला कोणी?"

आम्ही कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले, तेही दोन ओळींचे. प्राथमिक निवड संगणक प्रणालीमार्फत होते, तीत मानवी हस्तक्षेप नसल्यामुळे भेदभावाचा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्यात म्हटले होते. वीस वर्षांच्या वकिलीत आम्ही नाना सबबी ऐकल्या. पण ही सबब नवी आहे. आजवर नाकारणारा म्हणायचा, "मी जात पाहिली नाही." आता तो म्हणतो, "मी काही पाहिलेच नाही!"

हे एका कंपनीपुरते राहिलेले नाही. एका जागेसाठी हजारो अर्ज येतात. संगणक प्रणाली ते वाचते, जाहिरातीतल्या शब्दांशी ताडून पाहते, पूर्वी निवडलेल्या लोकांच्या बायोडाटाशी त्यांची तुलना करते आणि प्रत्येकाला गुण देते. वरचे दोन-तीनशे अर्ज अधिकाऱ्यापुढे जातात, बाकीचे कोणाच्याच डोळ्यांखालून जात नाहीत. काही ठिकाणी पहिली मुलाखतही माणसापुढे न होता मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे होते. नोकरी लागल्यावर हजेरी, कामाचे मोजमाप, बढतीची शिफारस, आणि काही धंद्यांत तर कामावरून कमी करणेही, अशाच प्रणालीच्या हाती गेले आहे. यालाच आता मनुष्यबळ व्यवस्थापनातील कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

या क्षेत्रातील जाणते लोक हल्ली ‘समतोल’ हा शब्द वापरतात. यंत्राने चाळणी करावी, शेवटचा निर्णय माणसाच्या विवेकाने व्हावा, म्हणजे दोन्हींचा मेळ बसेल, असे ते सांगतात. ऐकायला हे बरे वाटते. पण आमचा त्यांना एक प्रश्न आहे. हा विवेकी माणूस कोण? कारण नोकरी देणाऱ्या माणसाच्या विवेकाचा आमच्या समाजाला जो अनुभव आहे, तो काही अभिमानाने सांगावा असा नाही.

मुंबईच्या कापड गिरण्या आठवा. तिथे भरती करायचा तो जॉबर. तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा माणूस पाहून कामाला लावायचा. हाच तेव्हाचा मानवी विवेक. कापडखाते हे चांगल्या पगाराचे खाते, पण अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. कारण काय दिले जाई? धोट्यात सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागते, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा इतरांना कसा चालेल! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामाच्या पद्धतीआड जात कशी लपते, याचे याहून स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. आणि खुद्द बाबासाहेब १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत गेले, तेव्हा त्यांच्या पदव्या कोणत्या कामाला आल्या? कचेरीतला शिपाईसुद्धा फाईल लांबून फेकत असे.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. मग अलीकडचे घ्या. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी, फरक फक्त नावात. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवर्ण आडनावाच्या अर्जदाराशी तुलना करता दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जदाराचे एक-तृतीयांश भरले. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे ते अधिकारी सांगत होते. आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे आवश्यक आहे, असेही सांगत होते! या देशात कौटुंबिक पार्श्वभूमी हे कशाचे सभ्य नाव आहे, ते आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

सर्वोच्च न्यायालयालाही हे दिसले होते. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा प्रश्न होता. मुलाखतीला एकूण गुणांच्या एक-तृतीयांश गुण, मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न कोणते तर वडील काय करतात, राहता कुठे! तोंडी परीक्षेला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल, असे न्यायालयाने सांगितले आणि शक्य तिथे मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, अशीही सूचना केली. म्हणजे माणसाच्या विवेकाला लगाम हवा, हे तत्त्व या देशात चाळीस वर्षांहून जुने आहे.

मग आमच्यापैकी काहींना वाटते की यंत्रच बरे. त्याला आडनाव कळत नाही, ते सोवळे-ओवळे पाळत नाही, त्याला मामा-भाचा नाही. हा विचार चुकीचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. आमच्या पिढीला सरकारी नोकरीत जे मिळाले, ते कोणा साहेबाच्या दयाबुद्धीने मिळालेले नाही. ते मिळाले बिंदुनामावलीमुळे. अमुक बिंदू अमुक प्रवर्गाचा, तिथे साहेबाच्या मर्जीला जागा नाही. बिंदुनामावली हेही एका अर्थाने यंत्रच आहे. आणि या यंत्राला नामोहरम करण्यासाठी जे वाक्य शोधले गेले ते माणसाच्या विवेकाचेच होते: "योग्य उमेदवार उपलब्ध नाही." या एका वाक्याने किती जागांचा अनुशेष वाढत गेला, ते प्रत्येक कर्मचारी संघटनेला ठाऊक आहे.

पण इथेच थांबून नीट पाहिले पाहिजे. बिंदुनामावली आणि ही नवी प्रणाली यांत फरक काय? बिंदुनामावलीचा नियम छापलेला आहे. नोंदवही कचेरीत आहे. माहिती अधिकारात ती मागता येते, बोट ठेवून विचारता येते की हा बिंदू रिकामा का ठेवला? चूक सापडली तर न्यायालयात जाता येते. नवी प्रणाली मात्र बंद पेटीसारखी आहे. तिने गुण कसे दिले, कोणत्या शब्दाला किती वजन दिले, हे अर्जदाराला सांगितले जात नाही. ते व्यापारी गुपित ठरते. पुष्कळदा ती वापरणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते सांगता येत नाही. दोन्ही यंत्रेच, पण एक उघडे आणि एक झाकलेले. आमचे भले उघड्या नियमाने केले आहे, झाकलेल्याने कधीच नाही.

शिवाय ही प्रणाली शिकते कुठून? मागच्या नोंदींतून. इथे आमच्या इतिहासातलाच एक दाखला पुरेसा आहे. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत महार सैनिक लढले, त्यांची नावे विजयस्तंभावर आहेत. पुढे १८९२ च्या सुमारास ब्रिटिशांनी ‘लढाऊ जमाती’चा सिद्धांत काढून महारांची सैन्यभरती बंद केली. आता कल्पना करा, त्यानंतरच्या वीस वर्षांच्या भरतीच्या नोंदी एखाद्या संगणकाला दिल्या आणि विचारले की चांगला सैनिक कोण होतो? तो उत्तर देईल की या नोंदींत महार सैनिक आढळत नाहीत, सबब महार या कामास योग्य नाहीत! त्याला दरवाजा बंद होता हे कळणार नाही. आत कोणी नाही, एवढेच कळेल. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली ती मागच्या नोंदी पाहून नव्हे. त्या नोंदी अन्यायाच्या आहेत, हे ओळखून ज्यांनी सतत मागणी लावून धरली, त्यांच्यामुळे.

ही नुसती कल्पना नाही. अॅमेझॉन या अमेरिकन कंपनीने २०१४ पासून बायोडाटा तपासणारी अशी प्रणाली तयार करायला घेतली. दहा वर्षांचे जुने अर्ज तिला शिकवण्यासाठी दिले. ते बहुतांशी पुरुषांचे होते. परिणाम असा झाला की बायोडाटात ‘महिला’ हा शब्द आला, उदाहरणार्थ महिला बुद्धिबळ संघाची कर्णधार, तर प्रणाली गुण कमी करू लागली. दोन महिला महाविद्यालयांच्या पदवीधरांनाही ती खाली ढकलत होती. अखेर कंपनीला तो प्रकल्प गुंडाळावा लागला आणि २०१८ साली ‘रॉयटर्स’ने ही हकिकत जगापुढे आणली. लक्षात घ्या, कोणी तिला स्त्रियांना नाकार असे सांगितले नव्हते. अर्जदार स्त्री की पुरुष हे सांगण्याचीही तिला गरज पडली नाही.

आता आपल्या मुलांचे बायोडाटा डोळ्यांपुढे आणा. त्यांत जातीचा रकाना नसतो. पण समाजकल्याण वसतिगृहाचा पत्ता असतो. बार्टीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असते. भारत सरकार शिष्यवृत्तीचा उल्लेख असतो. ‘जयंती उत्सव समिती, सचिव’ असे मुलाने अभिमानाने लिहिलेले असते. तालुक्याचे महाविद्यालय, मराठी माध्यम, वस्तीचा पिनकोड, घरच्या अडचणीने गेलेली दोन वर्षे आणि आडनाव. ज्या कंपनीने वीस वर्षे ठराविक महाविद्यालयांतून, ठराविक घरांतून माणसे घेतली, तिच्या नोंदींवर शिकलेली प्रणाली यातल्या प्रत्येक खुणेला काय गुण देईल? जात न विचारता जात ओळखण्याची कला या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. तीच आता संगणकाला नोंदींतून आपोआप शिकवली जाण्याचा धोका आहे. आमच्या त्या तरुणाला याच कारणाने नाकारले, असा आमचा दावा नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की तसे झाले नाही, हे तपासण्याची सोय कुठेच नाही.

शेवटी माणूस असतोच ना, असे उत्तर मिळते. असतो. पण तो कोणत्या टोकाला असतो? पाच हजारांतून यंत्राने तीनशे निवडले की माणूस त्या तीनशेंतून दहा निवडतो. उरलेल्या चार हजार सातशेंचा निर्णय यंत्राचा आणि तो अंतिम. शिवाय समोर संगणकाचे गुण असताना त्याविरुद्ध लिहिण्याचे धाडस किती अधिकारी करतील? गुणांप्रमाणे घेतले तर कोणी विचारणार नाही, डावलून घेतले तर खुलासा द्यावा लागेल. अशा वेळी माणसाचा विवेक म्हणजे तयार टिपणीखाली केलेली सही, एवढाच उरतो. सरकारी कचेरीत आम्ही ही सही फार पाहिली आहे.

दुसऱ्या देशांत यावर काय चालले आहे ते पाहू. न्यूयॉर्क शहराने २०२१ साली कायदा केला आणि जुलै २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. भरतीत अशी प्रणाली वापरायची तर दरवर्षी स्वतंत्र तपासणी करून वंश आणि लिंगानुसार तिचे निकाल प्रसिद्ध करायचे आणि उमेदवाराला आधी कळवायचे, असे त्यात आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने नोकरभरतीतील प्रणालींना ‘अधिक जोखमीच्या’ वर्गात घातले आणि त्यांच्यावर माणसाची देखरेख सक्तीची ठरवली. अमेरिकेत डेरेक मोबली या कृष्णवर्णीय अर्जदाराने शंभराहून अधिक नकारांनंतर कंपन्यांवर नव्हे तर प्रणाली पुरवणाऱ्या ‘वर्कडे’ कंपनीवर २०२३ साली दावा लावला. प्रणाली पुरवणारा हा मालकाचा हस्तक म्हणून उत्तरदायी असू शकतो, असे म्हणत कॅलिफोर्नियातील न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो दावा पुढे चालू दिला. अंतिम निकाल काहीही लागो, ‘यंत्राने केले’ ही पळवाट तिथे सहज मान्य झाली नाही.

आणखी एक प्रकरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ऑनलाईन शिकवणी घेणाऱ्या ‘आयट्यूटरग्रुप’च्या प्रणालीत ५५ वर्षांवरील स्त्रिया आणि ६० वर्षांवरील पुरुष आपोआप नाकारले जात होते. हे उघडकीस कसे आले? एका अर्जदाराने जन्मतारीख तेवढी बदलून तोच अर्ज पुन्हा पाठवला आणि मुलाखतीचे बोलावणे आले! २०२३ साली कंपनीला ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. थोरात-अॅटवेल यांची युक्ती आणि ही युक्ती एकच आहे.

आपल्याकडे काय आहे? संविधानाच्या कलम १६ ची समान संधी सरकारी नोकरीपुरती. खाजगी क्षेत्राने २००६ साली सकारात्मक कृतीची आचारसंहिता स्वीकारली, पण ती स्वेच्छेची. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत अडथळा आणणे गुन्हा मानतो. त्याचे कलम १२ तर असे सांगते की कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्याच कारणाने झाले असे न्यायालय गृहीत धरील. केवढे मोठे हत्यार! पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे कोणाला करायचे? यंत्राला हेतू नसतो आणि माणूस म्हणतो, मी नव्हतोच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा निर्णयासाठी वापरायची माहिती अचूक आणि पूर्ण असावी असे बंधन घालतो. मात्र यंत्राचा निर्णय माणसाकडून पुन्हा तपासून घेण्याचा हक्क तो देत नाही.

नोकरी लागल्यानंतरची कथाही ऐका. नागपूर, नवी मुंबई, चंडीगड अशा शहरांत महानगरपालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, किती वेळ आहे, याची नोंद दूर कचेरीत होऊ लागली. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या समाजाने केले, ते सांगायला नको. घड्याळ कामगार कुठे आहे ते सांगते. हातमोजे कुठे आहेत, साबण मिळाला का, महिला कामगाराला जवळपास शौचालय आहे का, हे ते सांगत नाही. यंत्र कामगाराला मोजते, मालकाला मोजत नाही. ते काय मोजणार हे ठरवणारा माणूसच असतो, आणि तो माणूस घड्याळ बांधत नाही.

याउलट शेजारच्या कर्नाटकाकडे पाहा. ॲपवर काम करणाऱ्या कामगारांसाठी तिथे २०२५ साली कायदा झाला. कामगाराला काढायचे तर लेखी कारण द्यायचे, चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यायची आणि स्वयंचलित प्रणाली त्याच्या कामावर काय परिणाम करते ते त्याला सांगायचे, अशी त्याची दिशा आहे. कर्नाटकाला जे सुचले ते शाहू-फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला का सुचू नये?

आम्ही यंत्राचे शत्रू नाही. बाबासाहेबही नव्हते. गांधीजींच्या यंत्रविरोधाला उत्तर देताना १९४५ साली त्यांनी लिहिले त्याचा आशय असा की यंत्रामुळेच माणसाला विश्रांती आणि संस्कृती लाभेल, आणि यंत्राने अपाय होत असेल तर दोष यंत्राचा नसून खाजगी लाभाला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून काम केलेल्या माणसाचे हे मत आहे. म्हणून यंत्र की माणूस, या वादात आम्हाला पडायचे नाही. दोघांवरही आमचा आंधळा विश्वास नाही. खरा समतोल आमच्या मते एकच आहे: नियम उघडा असावा आणि निर्णयाखाली जिवंत माणसाची सही असावी.

त्यासाठी आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. भरतीत संगणक प्रणाली वापरली जात असेल तर जाहिरातीतच तसे लिहावे. नाकारलेल्या उमेदवाराने मागितल्यास ठराविक मुदतीत लेखी कारण द्यावे, खाली अधिकाऱ्याचे नाव असावे. यंत्राने बाजूला काढलेल्या अर्जांतले काही अर्ज दर भरतीत माणसाने स्वतः वाचावेत. कोणत्या समाजघटकाचे किती अर्ज आले आणि किती पुढे गेले, याची वार्षिक तपासणी बाहेरच्या यंत्रणेकडून करून आकडे प्रसिद्ध करावेत. ‘आम्ही जात विचारत नाही’ हे उत्तर चालणार नाही, कारण जे मोजलेच जात नाही ते निर्दोष आहे असे सिद्धही होत नाही. आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय केवळ यंत्राच्या नोंदीवर कोणालाही कामावरून काढू नये. नैसर्गिक न्यायाचे हे तत्त्व संगणकापेक्षा खूप जुने आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक अभ्यासिकेत एक नोंदवही ठेवा. कोणी, कुठे, कोणत्या पदासाठी अर्ज केला, जाहिरातीतली पात्रता कोणती होती, नकार किती मिनिटांत आला, कोणत्या शब्दांत आला, हे तारीख-वेळेसह लिहा. अर्जाची आणि नकाराची प्रत जपून ठेवा. एका मुलाचा नकार हे त्याचे दुर्दैव ठरते. पाचशे मुलांचे नकार एका वहीत आले की तो पुरावा होतो. विद्यापीठांतील आमच्या प्राध्यापक बांधवांनी थोरात-अॅटवेल यांच्यासारखी पाहणी या नव्या प्रणालींवर करावी. आणि मुलांनी बायोडाटातून वसतिगृहाचे, जयंती समितीचे नाव खोडू नये. खोडायचे असेल तर त्या नावाला गुण कमी देणारा नियम खोडायला लावू.

त्या तरुणाच्या वतीने आम्ही कंपनीला आता रीतसर नोटीस दिली आहे. त्याच्या अर्जाला किती गुण दिले, कोणत्या कारणाने दिले, आणि ही प्रणाली वापरण्याचा निर्णय कोणत्या अधिकाऱ्याने घेतला, असे तीन प्रश्न तीत विचारले आहेत. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान अभ्यासिकेत एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर पहिली नोंद त्यानेच केली: अर्जाची वेळ रात्री ११.३०, नकाराची वेळ ११.४१. पुढचा रकाना आम्ही आखून दिला आहे, नकार देणाऱ्याचे नाव. तो सध्या कोरा आहे. तो भरून घेतल्याशिवाय ही वही बंद होणार नाही.

जय भीम!